शॉप फ्लोअरवरची इंग्रजी सूचना: एकच अर्थ निघेल अशी कशी लिहायची

"डू नॉट ओपन द डोअर अंटिल द स्पिंडल इज नॉट स्टॉप्ड." सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनच्या) दारावर लॅमिनेट करून चिकटवलेली ही ओळ वर्षभर कुणालाच खटकली नाही. आम्ही सगळे ती मनात मराठीतच वाचत होतो: स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) थांबत नाही तोपर्यंत दार उघडू नका. मशीनच्या दुरुस्तीला बाहेरून आलेल्या इंजिनिअरने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे स्पिंडल फिरायला लागेपर्यंत थांबायचं आणि मग उघडायचं?" इंग्रजीत तिचा अर्थ खरोखरच तसा होतो. ओळ मीच लिहिली होती.

त्यानंतर मी आमच्याकडच्या जुन्या वर्क इन्स्ट्रक्शन काढून बसलो. स्पेलिंगच्या चुका होत्या, पण त्यांनी कुणाचं बोट जात नाही. खरा घोळ होता तो मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवल्याचा. तो टाळायचा कसा, हे खाली क्रमाने लिहितो. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचा, चूक डोळ्याआधी कानाला कळते.

## टप्पा १: लिहायला बसण्याआधी

१. मशीनपाशी जा. टेबलावर बसून, जुन्या फाइलवरून सूचना लिहू नका. रोज ते काम करणाऱ्या ऑपरेटरला एकदा पूर्ण करून दाखवायला सांगा आणि त्याचा हात काय करतो तेवढंच वहीत टिपा. टिपताना भाषा मराठी चालेल, पण वाक्यं नकोत, नुसती क्रियापदं लिहा: थांबव, कुलूप लाव, काट्याकडे बघ, सोड, काढ, पूस. मराठी वाक्य पूर्ण लिहिलंत की इंग्रजी करताना त्याचाच साचा कागदावर उतरतो.

२. नावं मशीनवरून घ्या. पॅनलवर "इमर्जन्सी स्टॉप" छापलं असेल तर सूचनेतही तेच. एका ओळीत "ई-स्टॉप", दुसरीत "रेड बटण", तिसरीत "मशरूम स्विच" असं लिहिलंत तर नवीन माणूस तीन बटणं शोधत बसतो. व्हॉल्व्हला नंबर नसेल तर आधी टॅग लावून घ्या आणि मगच लिहा. "लेफ्ट साइड व्हॉल्व्ह" लिहिलं की डावी बाजू कुणाची, मशीनची की माणसाची, हा वाद उरतो.

३. वाचणारा कोण ते ठरवा. चाकण-भोसरीच्या एखाद्या शिफ्टमध्ये मराठी, हिंदी, ओडिया आणि भोजपुरी बोलणारे एकाच लाइनवर असतात. इंग्रजी त्यांना जोडते, पण तोडकी. नुसत्या इंग्रजीवर थांबू नका. १९४८च्या कारखाने कायद्यातही कलम १०८ मध्ये लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात असंच म्हटलं होतं. इंग्रजी मजकूर नीट असेल तरच शेजारचा मराठी-हिंदी मजकूर नीट येतो.

४. शब्दांची यादी करा. तीस-चाळीस क्रियापदं पुरतात. एका शब्दाला एकच अर्थ आणि एका क्रियेला एकच शब्द. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी "सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश" नावाचं मानक आहे, त्याचा पायाच हा. त्यात "फॉलो" म्हणजे फक्त "मागून येणे". नियम पाळायचा असेल तर "ओबे". एवढं कडक राहायची गरज प्रत्येक कारखान्याला नाही, पण "चेक", "व्हेरिफाय", "एन्शुअर", "कन्फर्म" हे चारही शब्द एकाच पानावर फिरवण्यापेक्षा एक निवडलेला बरा.

तपासणी: वहीतल्या क्रियापदांचा क्रम ऑपरेटरला वाचून दाखवा. तो "हां, पण त्याआधी…" म्हणाला तर पायरी राहिली आहे. बहुतेक वेळा म्हणतोच.

## टप्पा २: वाक्याचा सांगाडा

१. क्रियापदाने सुरुवात करा. "स्टॉप द पंप." "ओपन व्हॉल्व्ह व्ही३." मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपला हात आपोआप "द पंप इज टू बी स्टॉप्ड" लिहितो. पंप कुणी थांबवायचा ते त्यात नाही. "द व्हॉल्व्ह शुड बी क्लोज्ड" तर आणखी वाईट. व्हॉल्व्ह तुम्ही बंद करायचा, की तो आधीच बंद असायला हवा आणि तुम्ही फक्त बघायचं? दोन्ही अर्थ निघतात.

२. "शुड" सांभाळा. ही चूक सुशिक्षित माणसं जास्त करतात आणि तिचं मूळ आपल्या सरकारी मराठीत आहे. परिपत्रकात "सादर करावे" लिहिलं की तो हुकूम असतो, सल्ला नव्हे. आपण "करावे"चं "शुड" करतो आणि इंग्रजीत हुकमाचा सल्ला होतो. आयएसओच्या मानकांमध्ये हे शब्द वाटून दिलेले आहेत: "शॅल" म्हणजे बंधन, "शुड" म्हणजे शिफारस, "मे" म्हणजे परवानगी, "कॅन" म्हणजे शक्यता. ऑडिटर "शुड" वाचून म्हणू शकतो की हे ऐच्छिक आहे, आणि त्याचं बरोबर असतं. पायरी असेल तर थेट आज्ञार्थ लिहा. नियम असेल तर "मस्ट".

३. नकाराचे दोन प्रकार वेगळे ठेवा. "हात लावायचा नाही" याचं "यू डोन्ट हॅव टू टच" झालेलं मी पॅनलच्या दारावर पाहिलं आहे. त्याचा अर्थ "हात लावायची गरज नाही", म्हणजे वाटलं तर लावा. मनाई असेल तर "डू नॉट टच" किंवा "मस्ट नॉट". "मे नॉट" कुठेच वापरू नका. परवानगी नाही आणि कदाचित होणार नाही, असे दोन्ही अर्थ त्यात मावतात.

४. एका वाक्यात एक काम. वर सांगितलेल्या मानकात कामाच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. शॉप फ्लोअरवर मी दहा-बाराच्या वर जात नाही.

५. विशेषणाचं क्रियापद करू नका. "टाइट द बोल्ट" नाही, "टाइटन द बोल्ट". "लूज द नट" नाही, "लूझन द नट". "ऑफ द मशीन" नाही, "स्विच ऑफ द मशीन". बोलताना चालतं, सगळेच बोलतात, मीही बोलतो. पण हीच सूचना परदेशातल्या ग्राहकाकडे गेली तर पहिल्या ओळीतच पत जाते.

६. "द" गाळू नका. मराठीत उपपद नसल्यामुळे ते आपल्याला अडगळ वाटतं. पण "ऑइल फिल्टर" एवढंच लिहिलं तर ती वस्तू की हुकूम, म्हणजे तेलाचा फिल्टर की फिल्टरला तेल लावा, ते कळत नाही. "ऑइल द फिल्टर" आणि "द ऑइल फिल्टर" यांत गोंधळ होत नाही. मी ऑइल हे क्रियापद म्हणून वापरतच नाही, "पुट ऑइल ऑन" लिहितो.

सावधान: "द सेम" हा शब्द दिसला की खोडा. तो आपल्या कार्यालयीन "सदर"चा इंग्रजी अवतार आहे. "रिमूव्ह द कव्हर अँड कीप द सेम ऑन टेबल" ऐवजी "पुट द कव्हर ऑन द टेबल". नाव पुन्हा लिहायला लाजू नका. "इट"चंही तेच: "रिमूव्ह द बोल्ट फ्रॉम द फ्लँज अँड क्लीन इट" यात पुसायचा बोल्ट की फ्लँज?

## टप्पा ३: क्रम आणि अट

माणूस पहिल्यांदा काम करताना सूचना वाचत-वाचत हात चालवतो. वाक्यात जे आधी येतं ते तो आधी करतो. "स्टार्ट द पंप आफ्टर ओपनिंग द सक्शन व्हॉल्व्ह" हे व्याकरणात शंभर टक्के बरोबर आहे, पण "आफ्टर"पर्यंत डोळे पोचेतो बोट बटणावर गेलेलं असतं. तोडा: "ओपन द सक्शन व्हॉल्व्ह. देन स्टार्ट द पंप." "बिफोर" आणि "आफ्टर" हे शब्द मी पायऱ्यांमधून जवळजवळ हद्दपार केले आहेत.

अटीचंही असंच. "कॉल द सुपरवायझर इफ द लॅम्प इज रेड" ऐवजी "इफ द लॅम्प इज रेड, कॉल द सुपरवायझर". इथे मराठी आपल्या बाजूने आहे, आपणही "दिवा लाल असेल तर" असं आधीच म्हणतो.

आता सुरुवातीचं "अंटिल". मराठीच्या "जोपर्यंत… नाही, तोपर्यंत…" या जोडीत नकार लागतो. इंग्रजी "अंटिल"मध्ये तो नकार आधीच बसलेला आहे, दुसरा टाकला की अर्थ उलटा होतो. बरोबर वाक्य: "डू नॉट ओपन द डोअर अंटिल द स्पिंडल स्टॉप्स." याहून चांगलं: "वेट अंटिल द स्पिंडल स्टॉप्स. देन ओपन द डोअर." यात नकार उरतच नाही. "अनलेस"ही असाच निसरडा, त्याजागी "इफ" वापरून वाक्य फिरवा.

तपासणी: पानावरचे सगळे "नॉट" मोजा. एका वाक्यात दोन सापडले तर ते वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा ४: उलटे फिरणारे शब्द

हा टप्पा घाईत करू नका.

"क्लोज." पाण्याचा व्हॉल्व्ह क्लोज केला की प्रवाह थांबतो. विजेचा ब्रेकर क्लोज केला की प्रवाह सुरू होतो. इलेक्ट्रिकलच्या भाषेत क्लोज म्हणजे संपर्क जुळला. मराठीत मात्र आपण दोन्हीकडे "बंद" म्हणतो, आणि स्विच बंद म्हणजे वीज गेली. त्यामुळे "क्लोज द ब्रेकर" वाचून एखादा फिटर मनात "ब्रेकर बंद" म्हणतो आणि लाइन मेली असं समजून हात घालू शकतो. भाषांतराचं ॲपही "क्लोज"ला "बंद करा" देतं, त्याला ब्रेकर आणि दरवाजा यांत फरक दिसेलच असं नाही. माझा नियम: ज्या पानावर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही लोक काम करतात तिथे ब्रेकर आणि स्विचसाठी "टर्न टू ऑन" आणि "टर्न टू ऑफ". "ओपन" आणि "क्लोज" फक्त व्हॉल्व्ह आणि दारांसाठी. मराठी बाजूलाही "वीज चालू" आणि "वीज बंद" असं पूर्ण लिहा.

"रिप्लेस." नवीन बसवा, की काढलेलं परत जागेवर लावा? इंग्रजीत दोन्ही. "रिप्लेस द गार्ड" वाचून आमच्या एका मुलाने स्टोअरमधून नवीन गार्ड मागितला. स्टोअरने नाही म्हटलं आणि मशीन गार्डशिवाय चालू झालं. "पुट द गार्ड बॅक" किंवा "इन्स्टॉल अ न्यू फिल्टर" असं स्पष्ट लिहा.

"इन्फ्लेमेबल." "इनकरेक्ट", "इनकम्प्लीट"सारखा यातला "इन" नकाराचा वाटतो, पण नाही. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, फ्लेमेबल म्हणजेही तेच. या गोंधळापायीच अमेरिकेतली अग्निसुरक्षा संघटना एनएफपीए १९२०च्या दशकापासून "फ्लेमेबल" वापरा असं सांगत आली. आपल्या टँकरवर अजून "हायली इन्फ्लेमेबल" रंगवलेलं असतं. तुमच्या थिनरच्या खोलीवर तरी "फ्लेमेबल" लिहा, आणि न पेटणाऱ्या मालाला "नॉन-फ्लेमेबल".

"टू", "बाय" आणि "अप टू." मराठीत "६ ने वाढवा" आणि "६ पर्यंत वाढवा" यांत कुणी चुकत नाही. इंग्रजीत चुकतं. गेजवर ४ बार (बार हे दाबाचं एकक) आहे आणि सूचना म्हणते "इन्क्रीज द प्रेशर बाय ६ बार", तर गेज १० वर जाईल. "पर्यंत"चं भाषांतर म्हणून "अप टू ६ बार" लिहिलं तर ५ बारही नियमात बसतं, कारण अप टू ही फक्त वरची मर्यादा. सरळ "सेट द प्रेशर टू ६ बार" लिहा.

"ऑल… नॉट." "सगळे बोल्ट घट्ट नाहीत." मराठीतही संदिग्धच, पण समोरासमोर विचारता येतं. "इफ ऑल बोल्ट्स आर नॉट टाइट" म्हणजे एकही घट्ट नाही की काही सैल आहेत? त्याऐवजी लिहा: "इफ वन ऑर मोअर बोल्ट्स आर लूज."

"ओन्ली" म्हणजे आपला "च". च ज्या शब्दाला हवा त्याला चिकटतो, ओन्ली मात्र वाक्यात कुठेही जाऊन बसतो. तो नेमक्या शब्दाच्या लगेच आधी आणा: "यूज ओन्ली ग्रेड ६८ ऑइल", "यूज द होइस्ट ओन्ली फॉर मोटर्स".

## टप्पा ५: मोजता येईल असं लिहा

"प्रॉपर्ली", "ॲडिक्वेट", "सफिशियंट", "ॲज रिक्वायर्ड", "एट्सेट्रा" हे शब्द लिहिणाऱ्याला वाचवतात, करणाऱ्याला नाही. "टाइटन द बोल्ट्स प्रॉपर्ली" म्हणजे ज्याच्या दंडात जितकी ताकद तितकं. टॉर्क (किती जोराने पिळायचं ते) लिहा, क्रम लिहा: "टाइटन द फोर बोल्ट्स इन अ क्रॉस पॅटर्न टू ४५ न्यूटन मीटर."

नुसतं "चेक द ऑइल लेव्हल" ही अर्धी सूचना आहे. बघितलं, मग? "इफ द ऑइल इज बिलो द मिन मार्क, ॲड ऑइल टू द मॅक्स मार्क." प्रत्येक "चेक"च्या मागे एक "इफ" हवा.

"बिट्वीन ५ टू १०" नाही. "बिट्वीन ५ अँड १०" किंवा "फ्रॉम ५ टू १०". "बायवीकली" म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर शब्दकोश दोन्ही अर्थ देतात, तेव्हा "एव्हरी मंडे अँड थर्सडे" लिहा. तारखेत महिना अक्षरांत: ०३/०४ हा आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन ग्राहकाला ४ मार्च.

## टप्पा ६: धोक्याची ओळ कुठे आणि कशी

पायरीच्या आधी. नेहमी. "रिमूव्ह द कव्हर" लिहून खाली "ऑइल इज हॉट" लिहिणं म्हणजे भाजल्यावर मलम देणं.

चार शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. अमेरिकेच्या अन्सी झेड५३५ मानकाने त्यांची उतरंड लावून दिली आहे: "डेंजर" म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, "वॉर्निंग" म्हणजे तशी इजा होऊ शकते, "कॉशन" म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, "नोटीस" म्हणजे माणसाला नाही, मालमत्तेला धोका. प्रत्येक पानावर "डेंजर" छापलं की खऱ्या डेंजरकडेही कुणी बघत नाही.

"टेक केअर", "बी केअरफुल" याने काहीच होत नाही. धोका कोणता, काय होईल आणि काय करायचं, हे तिन्ही हवं. आणि इथे "काइंडली" नको. विनंतीपत्रात शोभतं, उकळत्या तेलापाशी नाही.

## एक नमुना, आधीचा आणि नंतरचा

हायड्रॉलिक पॉवर पॅकचा (तेलाच्या दाबावर मशीन चालवणाऱ्या पंप-टाकीच्या संचाचा) फिल्टर बदलणे. जुना मजकूर:

"फिल्टर शुड बी रिप्लेस्ड आफ्टर स्टॉपिंग द पॉवर पॅक अँड रिलीझिंग द प्रेशर प्रॉपर्ली. कव्हर टू बी रिमूव्हड अँड द सेम टू बी केप्ट इन क्लीन प्लेस. टेक केअर ऑफ हॉट ऑइल."

तीन वाक्यांत वरच्या बहुतेक सगळ्या चुका आहेत. नवा मजकूर:

१. स्टॉप द हायड्रॉलिक पंप.
२. टर्न द मेन आयसोलेटर टू ऑफ.
३. पुट युअर लॉक ऑन द आयसोलेटर.
४. ओपन व्हॉल्व्ह व्ही३ स्लोली. धिस ड्रेन्स द ॲक्युम्युलेटर.
५. लुक ॲट गेज पी१. इफ द गेज डझ नॉट शो झीरो, स्टॉप वर्क अँड कॉल द मेंटेनन्स सुपरवायझर.
वॉर्निंग: हॉट ऑइल कॅन बर्न यू. वेट अंटिल द टँक थर्मामीटर शोज ४० डिग्रीज ऑर लेस. वेअर अ फेस शील्ड अँड ग्लव्हज.
६. रिमूव्ह द फिल्टर कव्हर. पुट द कव्हर ऑन अ क्लीन क्लॉथ.
७. रिमूव्ह द ओल्ड फिल्टर. इन्स्टॉल अ न्यू फिल्टर.

चौथी पायरी जुन्या मजकुरात "प्रॉपर्ली" या एका शब्दात गडप झाली होती. पंप थांबला तरी ॲक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब साठलेला राहतो. तो सोडायचा असतो हे जुन्या फिटरला पाठ, नव्याला ठाऊक नाही. आणि सूचना नव्यासाठी असते.

## टप्पा ७: कागद माणसावर तपासा

१. हे काम आजवर न केलेल्या माणसाच्या हातात पान द्या, शेजारी उभे राहा आणि गप्प बसा. मशीन बंद आणि कुलूपबंद ठेवून नुसतं बोटाने दाखवायला सांगितलं तरी चालेल. तो जिथे तुमच्याकडे बघतो ती ओळ चुकली आहे. "समजलं ना?" विचारू नका, उत्तर "हो साहेब"च येतं.

२. तुम्ही सोडून दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीचं मराठी करून घ्या. मूळ वहीतल्या क्रियापदांशी ते ताडून बघा. "बंद" आणि "बदला" हे शब्द आले की दोनदा बघा.

३. पानावर रिव्हिजन नंबर आणि अक्षरांत महिना असलेली तारीख टाका.

सावधान: नवी प्रत लावली म्हणजे जुनी गेली असं नाही. ती पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला, टूल ट्रॉलीच्या तळाशी आणि शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोच्या रूपात शिल्लक असते. कागद काढून फाडा. ग्रुपवरचा जुना फोटो डिलीट होत नसेल तर त्यालाच रिप्लाय करून "ही रद्द" लिहा आणि खाली नवी टाका, कारण रात्रपाळीत मोबाइलवर शोधताना जुनीच आधी सापडते.